स्पॅनिश इमर्शनमध्ये गेलेले मूल आणि घरची मराठी

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. मुलगी पाच वर्षांची असून घरी निव्वळ मराठी बोलली जाते आणि तिचे इंग्रजी प्रीस्कूलमध्ये कानावर पडले तेवढेच आहे. लॉटरीत नाव निघाल्यामुळे तिला अमेरिकेतील तुमच्या गावच्या सरकारी शाळेत स्पॅनिश इमर्शनच्या किंडरगार्टनमध्ये जागा मिळाली. तिथे दिवसाचा नव्वद टक्के वेळ स्पॅनिश आणि दहा टक्के इंग्रजी चालते. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी ती वर्गात तोंड उघडत नाही आणि घरी आल्यावर रडते. तुम्हा दोघांनाही स्पॅनिश येत नाही, आणि नात्यातल्या कोणीतरी सुचवले आहे की तीन भाषांची खिचडी नको, घरी मराठी बंद करून इंग्रजी सुरू करा. तसे करावे का, गृहपाठ कसा घ्यावा, इंग्रजी मागे पडेल का, आणि किती दिवस वाट पाहून जागा सोडावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी अशाच कार्यक्रमात किंडरगार्टन आणि पहिलीच्या वर्गांना स्पॅनिशमधून शिकवत आले आहे आणि माझी मातृभाषा मराठी आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी परिचयाचा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देते: मराठी बंद करू नका, उलट वाढवा. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी तुमच्या शाळेची पद्धत, मुलीचा स्वभाव आणि त्या गावात तुम्ही किती वर्षे राहणार आहात यांवर अवलंबून आहेत, म्हणून ती जरा सविस्तर लिहिते.

स्पॅनिश येत नसलेल्या पालकांना वाटणारी अपराधी भावना आधी बाजूला ठेवू या. इमर्शन ही पद्धत मुळात ती भाषा न येणाऱ्या घरांतील मुलांसाठीच आखली गेली. १९६५ साली कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथे इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहावरून फ्रेंच इमर्शनचा पहिला किंडरगार्टन वर्ग भरला, आणि त्याच धर्तीवर १९७१ साली कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे सरकारी शाळेत स्पॅनिश इमर्शन सुरू झाले. घरी कोणी ती भाषा शिकवणार नाही हे तिथे गृहीतच होते. ऐकवणे, खुणा, चित्रे, गाणी, पुनरावृत्ती हे सगळे शिक्षिकेचे काम आहे. ते घरी करायला गेलात तर तुमची दमछाक होईल आणि मुलीला शाळा सुटल्यावरही शाळाच वाट्याला येईल.

मात्र त्या मुलांमध्ये आणि तुमच्या मुलीमध्ये एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. त्यांची घरची भाषा इंग्रजी होती. ती रस्त्यावर, दुकानात, टीव्हीवर, सगळीकडे होती, त्यामुळे ती हरवण्याची भीती नव्हती. तुमच्या घरी आता तीन भाषा आहेत. स्पॅनिशची काळजी शाळा घेईल, कारण तोच तिचा अभ्यासक्रम आहे. इंग्रजी मैदानावरून, शेजारच्या मुलांकडून, पडद्यावरून आपसूक येईल, आणि पुढे शाळेतूनही येईल. मराठीला मात्र तुमच्याशिवाय वाली नाही. घरी इंग्रजी सुरू केलेत तर मिळेल ती भाषा जी कशीही मिळणारच होती, आणि जाईल ती जी पुन्हा मिळवणे फार अवघड असते. घरातली मराठी सुटल्यावर तिसरी-चौथीत पोहोचलेले मूल आजी-आजोबांचे बोलणे समजूनही उत्तर इंग्रजीतच देते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

याला भावनिक आग्रह समजू नका, यामागे शिकण्याची व्यवस्थाही आहे. गोष्ट कशी उलगडते, कारण आणि परिणाम कसे जोडायचे, ‘आधी’ आणि ‘नंतर’ म्हणजे काय, शब्दाच्या सुरुवातीचा आवाज वेगळा कसा काढायचा, या गोष्टी मूल एका भाषेत शिकले की दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागत नाही, फक्त नवे शब्द लागतात. जिला मराठीत ‘वितळणे’ म्हणजे काय ते माहीत आहे, तिला विज्ञानाच्या तासाला स्पॅनिश शब्दाला कल्पना आधीच तयार सापडते. ज्यांच्या घरी मोडक्या-तोडक्या इंग्रजीत केवळ कामापुरते बोलणे चालते, त्या मुलांकडे ही शिदोरी तुटपुंजी असते. पालक ज्या भाषेत चिडू शकतात, थट्टा करू शकतात आणि तासभर गप्पा मारू शकतात, ती भाषा मुलाशी बोलावी, असे मी प्रत्येक पालकसभेत सांगते.

मराठीचा एक थेट फायदाही आहे, जो अमेरिकी शाळेत तुम्हाला कोणी सांगणार नाही. स्पॅनिशमधला ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखाच दातांना जीभ लावून निघतो, ‘प’ आणि ‘क’ श्वासाचा झोत न सोडता येतात, साधा ‘र’ आपलाच आहे. इंग्रजीभाषक मुलांना या आवाजांवर मेहनत घ्यावी लागते, मराठी मुलाला ते आयते मिळतात. क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो, म्हणून ‘मी’ न म्हणता ‘जाते’ म्हटले तरी चालते, आणि स्पॅनिशमध्येही तसेच आहे. चांगला मुलगा आणि चांगली मुलगी या बदलाची ज्या कानाला सवय आहे, त्याला ‘निन्यो बुएनो’ आणि ‘निन्या बुएना’ यांत नवल वाटत नाही. सर्वांत गंमत ‘आवडणे’ या क्रियापदाची आहे. ‘मला पुस्तक आवडते, मला पुस्तके आवडतात’ यात आवडणारी वस्तू क्रियापद ठरवते, आणि स्पॅनिशमध्येही ‘मे गुस्ता एल लिब्रो, मे गुस्तान लोस लिब्रोस’ अशी नेमकी तीच रचना आहे. इंग्रजीतून आलेली मुले इथे वर्षानुवर्षे अडखळतात. हे सगळे मुलीला समजावून सांगू नका, तिचे तिला जमते. मी हे तुमच्या धीरासाठी लिहिते आहे.

आता तिच्या गप्प राहण्याकडे येते. नवी भाषा ऐकणाऱ्या लहान मुलांमध्ये न बोलण्याचा काळ असतोच, आणि तो काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालू शकतो. बोलक्या, धिटाईच्या मुलांत तो लवकर संपतो, चुकण्याची लाज वाटणाऱ्या मुलांत लांबतो. बोलते का हा या काळातला निकष नव्हे, समजते का हे पाहावे लागते, आणि समज शब्दांत दिसत नाही, हालचालींत दिसते. माझ्या वर्गात सकाळी सगळी मुले गालिच्यावर गोल करून उभी असतात आणि मी हात खाली करत ‘सिएन्तेन्से’ म्हणते. पहिल्या आठवड्यात नवे मूल माझ्या हाताकडेही पाहत नाही, शेजारच्याकडे पाहते आणि तो बसला की बसते. पुढे ते माझ्या हाताकडे पाहून बसू लागते. एक दिवस मी मुद्दाम हात न हलवता, दुसरीकडे पाहत तोच शब्द उच्चारते आणि ते मूल शेजारच्याच्या आधी खाली टेकलेले असते. तोंडातून एक शब्द न काढता त्याने मोठा पल्ला गाठलेला असतो. तुमच्या मुलीच्या शिक्षिकेला ‘ती बोलते का’ असे विचारण्याऐवजी ‘खूण न करता दिलेली सूचना ती पाळते का’ असे विचारा. उत्तर अधिक उपयोगाचे मिळेल.

गप्प राहण्याच्या या काळात एका गोष्टीची मात्र घाईने व्यवस्था करा. इमर्शनमधील शिक्षिका स्पॅनिशच बोलते, परंतु इंग्रजीही तिला समजते, म्हणून बहुतेक मुले सुरुवातीला अडचण इंग्रजीत सांगतात आणि तिचे उत्तर स्पॅनिशमध्ये ऐकतात. तुमच्या मुलीची अडचण मराठीत असते, आणि मराठी तिथे कोणालाच कळत नाही. तिचे रडणे निम्मे याच कारणाने असण्याची दाट शक्यता मला वाटते. तिला मोजकी वाक्ये इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत पक्की करून द्या. शौचालयाला जाऊ का, यासाठी ‘पुएदो इर अल बान्यो’, मला समजत नाही, यासाठी ‘नो एन्तिएन्दो’, मला मदत करा, यासाठी ‘आयुदेमे, पोर फावोर’, आणि पाणी हवे असल्यास ‘आगुआ, पोर फावोर’. घरी बाहुल्यांची शाळा मांडून ही वाक्ये खेळा. शिक्षिकेला ईमेल लिहून घरच्या नेमक्या शब्दांची यादीही पाठवा. मूल ‘शू’ किंवा ‘पोटात दुखतंय’ म्हणाले तर त्याचा अर्थ काय, हे शिक्षिकेला माहीत असले की एखादा लाजिरवाणा प्रसंग टळतो. बोलण्याची हिंमत नसलेल्या मुलांसाठी मी दोन बोटांची खूण ठरवून देते, आणि बहुतेक शिक्षिका अशा विनंतीला आनंदाने हो म्हणतील.

घरी आल्यावर रडण्याला थकवा हेही कारण असते. सहा-सात तास न समजणाऱ्या बोलण्यातून अर्थ काढत बसणे हे मोठ्या माणसालाही झेपत नाही. ओळखीच्या माणसापाशी आल्यावर बांध फुटतो, आणि तो तुमच्यापाशी फुटतो याचा अर्थ तुम्ही तिला सुरक्षित वाटता. पहिल्या सत्रात शाळेनंतरचे नृत्य, पोहणे, कराटे असे वर्ग शक्य तितके कमी ठेवा, आल्याबरोबर खायला द्या, आणि पहिला अर्धा तास शाळेबद्दल काहीही विचारू नका. ‘आज काय शिकलीस’ या प्रश्नाला पाच वर्षांचे मूल कोणत्याही भाषेतल्या शाळेतून आले तरी ‘काही नाही’ असेच उत्तर देते. झोपताना ‘आज कोणाच्या शेजारी बसलीस’, ‘आज कोण रडलं’ असे नेमके विचारलेत तर बरेच काही बाहेर येते, आणि ते मराठीत येते, म्हणजे दिवसभर स्पॅनिशमध्ये घडलेले तिने मराठीत मांडलेले असते. हा व्यायाम कुठल्याही वर्कशीटपेक्षा मोलाचा आहे.

आणखी एक विनंती. व्हिडिओ कॉलवर मावशी, काका, आजोबा यांपैकी कोणीतरी ‘अगं, स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलून दाखव ना’ म्हणणारच. त्यांना आधीच प्रेमाने थांबवा. मागणीनुसार बोलून दाखवता आले नाही की मूल ‘मला येत नाही’ असा निष्कर्ष काढते आणि गप्प राहण्याचा काळ लांबतो. ती स्वतःहून गाणे म्हणू लागली तर ऐका, कौतुक करा, परंतु दुसऱ्यांदा म्हणायला लावू नका.

काही महिन्यांनी भाषा मिसळू लागतील. ‘आई, माझी मोचीला कुठे आहे?’ असे वाक्य कानावर आले की पालक घाबरतात, मला मात्र ते ऐकून बरे वाटते. शाळेत दप्तराला जो शब्द दिवसातून दहा वेळा ऐकला, तो मराठी वाक्यात मराठी व्याकरणाने बसवून ती मोकळी झाली, आणि ‘माझी’ हे स्त्रीलिंगही बरोबर पकडले, कारण स्पॅनिशमध्ये तो शब्द स्त्रीलिंगीच आहे. तिला ‘दप्तर म्हण’ असे सांगू नका. ‘तुझं दप्तर दाराजवळ आहे’ एवढेच सहज म्हणा. मराठी शब्द तिच्या कानावर पडला, संभाषण तुटले नाही, आणि चूक काढल्याची भावनाही उरली नाही.

गृहपाठाची भीती बाळगण्याचे कारण नाही. किंडरगार्टनमध्ये तो थोडा असतो आणि बहुतेक शाळा पालकांसाठी इंग्रजीत सूचना देतात. देत नसतील तर तशी मागणी करा. कागदाचा फोटो काढून फोनवर भाषांतर पाहायला हरकत नाही, परंतु ते स्वतःच्या समजुतीपुरते ठेवा. मुलीला ‘म्हणजे मराठीत काय’ असे ओळीओळीला विचारत बसलात तर ती स्पॅनिश ऐकण्याऐवजी भाषांतराची वाट पाहायला शिकेल. काय करायचे आहे ते तिलाच तुम्हाला समजावून सांगू द्या, अर्थातच मराठीत. गणित अडले तर संकल्पना निर्धास्तपणे मराठीत समजवा. दहा आणि चार मिळून चौदा होतात हे एकदा कळले की स्पॅनिश शब्द वर्गात लागतील तसे येतील.

वाचनाला मात्र तुमचा खरा हातभार लागू शकतो. स्पॅनिश लिपी बव्हंशी जशी लिहिली तशी वाचली जाते आणि बऱ्याच शाळांत वाचन अक्षरगटांतून शिकवतात: मा, मे, मि, मो, मु, मग सा, से, सि, सो, सु. बाराखडी घोकलेल्या पालकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. स्वर पाचच आहेत, आ, ए, इ, ओ, उ, आणि त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘टी’ हे अक्षर नेहमी ‘त’ वाचा आणि ‘डी’ नेहमी ‘द’. ‘एच’ मूक असतो. ‘जे’ आपल्या ‘ह’च्या जवळ, थोडा घशातून. ‘एल’ दोनदा आला की अमेरिकेतील बहुतेक स्पॅनिश भाषकांच्या तोंडी ‘य’. ‘एन’वर नागमोडी रेघ असेल तर ‘न्य’. ‘व्ही’ आणि ‘बी’ दोन्ही ‘ब’सारखे. ‘झेड’ लॅटिन अमेरिकी उच्चारात ‘स’, आणि ‘सी’ हा ‘ई’ किंवा ‘आय’च्या आधी आला तरीही ‘स’. इतके नियम एका शनिवार-रविवारी अंगवळणी पडतात आणि अर्थ न कळताही तुम्ही लहान पुस्तक बऱ्यापैकी वाचून दाखवू शकता. तुमचे काही उच्चार चुकतील, मुलगी ते दुरुस्त करील, आणि तिला त्याचा जो आनंद होईल तो तुम्ही अचूक वाचले असते तर झाला नसता. ज्या संध्याकाळी जमणार नाही, तेव्हा सार्वजनिक ग्रंथालयातून मुलांची स्पॅनिश श्राव्य पुस्तके घ्या, छापील प्रत समोर उघडा आणि तिला बोट फिरवू द्या. तरीही दोन्हींना वेळ नसेल त्या दिवशी मराठी गोष्ट निवडा, स्पॅनिश शाळेत झालेलेच असते.

देवनागरी कधी सुरू करावी, हे तुम्ही विचारले नाही, पण लवकरच विचाराल. माझा कल असा आहे की पहिले वर्ष मराठी तोंडी ठेवावी, गोष्टी, गाणी, कोडी, भांडणे, सगळे काही, आणि रोमन अक्षरांतून स्पॅनिश वाचन थोडे सुटसुटीत झाले की देवनागरी हातात द्यावी. अक्षर म्हणजे आवाज ही कल्पना एका लिपीत पक्की झाली की दुसरी लिपी झपाट्याने येते. ज्या मुलांना स्वतःहून ओढ असते त्यांना अडवू नये, एवढाच अपवाद.

इंग्रजीबद्दलची चिंता समजण्यासारखी आहे, म्हणून तिथे आकड्यांचा आधार देते. नव्वद-दहा पद्धतीत औपचारिक इंग्रजी वाचन साधारण दुसरी-तिसरीत सुरू होते, त्यामुळे पहिलीत तुमची मुलगी शेजारच्या शाळेतील मुलांच्या तुलनेत इंग्रजी वाचनात मागे दिसेल. तशी ती दिसणारच, कारण ते अजून शिकवलेलेच नसते. युटा राज्याने २००८ साली कायदा करून जी पन्नास-पन्नास पद्धत स्वीकारली, तिच्यात अर्धा दिवस एक शिक्षक आणि अर्धा दिवस दुसरा असल्यामुळे हे अंतर कमी जाणवते. पुढे काय होते, याचा चांगला पुरावा ओरेगनमधील पोर्टलंडच्या सरकारी शाळांतून मिळाला. तिथे जागा लॉटरीने दिल्या जात असल्यामुळे जागा मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची निःपक्षपाती तुलना करता आली. २०१५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार इमर्शनमधील मुले इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे ७ महिने आणि आठवीत सुमारे ९ महिने पुढे होती, तर गणित आणि विज्ञानात ठळक फायदा-तोटा आढळला नाही. त्या शहरात स्पॅनिशखेरीज इतर भाषांचेही कार्यक्रम होते आणि प्रत्येक शाळा पोर्टलंडसारखी चालवली जात नाही, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत.

दरम्यान ती इंग्रजी लिहू लागेल तेव्हा तुम्हाला चमत्कारिक स्पेलिंगे दिसतील. माझ्या वर्गातील मुले ‘हाउस’ हा शब्द हमखास ‘जे, ए, यू, एस’ असा लिहितात. स्पॅनिशच्या नियमाने ते बिनचूक आहे: ‘जे’चा उच्चार ‘ह’, ‘ए’चा ‘आ’, ‘यू’चा ‘उ’. मुलाने ऐकलेला आवाज पूर्णपणे ओळखला आणि हाताशी असलेल्या नियमाने कागदावर उतरवला. इंग्रजी स्पेलिंग शिकवायला सुरुवात झाल्यावर हे हळूहळू नाहीसे होते. घरी लाल पेन हातात घेऊ नका.

एक कार्यालयीन बाब मध्येच सांगायला हवी, कारण ती नेमकी याच सुमारास पालकांना दचकवते. प्रवेशाच्या वेळी तुम्ही ‘होम लँग्वेज सर्व्हे’ भरला असेल आणि त्यात मराठी लिहिली असेल. त्यावरून शाळा मुलीची इंग्रजीची चाचणी घेते आणि गरज दिसल्यास तिला ‘इंग्लिश लर्नर’ म्हणून नोंदवते. शाळा सुरू झाल्यापासून साधारण ३० दिवसांत तसे पत्र घरी येते. पत्र आले तर ती कमी हुशार ठरली असे मुळीच नाही. इंग्रजीसाठी जास्तीची मदत मिळण्याचा तिचा हक्क त्यातून तयार होतो. ती मदत नाकारण्याचा अधिकार पालकांना आहे, मात्र नाकारली तरी ठरलेली पातळी गाठेपर्यंत वार्षिक चाचणी द्यावीच लागते. माझा सल्ला विचाराल तर नाकारू नका. काही मराठी पालक हा ‘शिक्का’ टाळण्यासाठी फॉर्मवर इंग्रजी लिहितात. त्यामुळे शिक्षिकेला चुकीची माहिती मिळते आणि मूल गप्प का आहे याचा तिला उगाच भलताच अर्थ लावावा लागतो.

कशाची काळजी करावी, हेही स्पष्ट सांगते. थोडे रडणे, चिडचिड, सोमवारी सकाळी नकोसे वाटणे हे दिवाळीपर्यंत चालले तरी मी घाबरणार नाही. मात्र झोप उडाली, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, दररोज सकाळी पोटात दुखू लागले, आवडते खेळही नकोसे झाले, किंवा ती मराठीतही पूर्वीपेक्षा कमी बोलू लागली, तर थांबू नका, शिक्षिका आणि डॉक्टर दोघांशीही बोला. हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत खूण न करता दिलेल्या रोजच्या सूचनाही तिला कळत नसतील तर पहिल्यांदा कानांची तपासणी करून घ्या. कानात पाणी साठल्यामुळे कमी ऐकू येणारे मूल ‘स्पॅनिश जमत नाही’ या सबबीखाली महिनोन्‌महिने लपून राहू शकते. भाषेच्या विकासात खरी अडचण असेल तर ती मराठीतही दिसते, म्हणून घरी बोलताना वाक्ये वयाच्या मानाने तोकडी आहेत का, गोष्टीचा क्रम तिला सांगता येतो का, याकडे लक्ष द्या. शंका वाटल्यास शाळेकडे मूल्यमापनाची लेखी मागणी करा. अमेरिकेतील कायद्यानुसार शक्य असेल तिथे ते मुलाच्या स्वतःच्या भाषेतही व्हायला हवे, म्हणून मराठी दुभाषी आवर्जून मागा. अधिक भाषांमुळे असा दोष निर्माण होत नाही, त्यामुळे ‘एक भाषा सोडा’ हा त्यावरचा उपाय म्हणून कोणी सुचवला तर तो स्वीकारू नका.

जागा सोडावी का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की वर सांगितलेली लक्षणे नसतील तर पहिल्या वर्षात हा निर्णय घेऊच नये. पहिलीनंतर पुन्हा आत शिरणे बहुतेक ठिकाणी भाषेची चाचणी दिल्याशिवाय शक्य नसते, म्हणून बाहेर पडण्याचा दरवाजा एकाच बाजूने उघडतो. याउलट नोकरीमुळे किंवा व्हिसामुळे वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्या राज्यात जावे लागेल अशी खात्री असेल, तर मी वेगळे सांगेन. या कार्यक्रमाचे फळ पाचवीपर्यंत टिकल्यावर दिसते, मधेच सुटलेली आणि वापरात नसलेली स्पॅनिश मूल भराभर विसरते, आणि तशा परिस्थितीत घराजवळची, मैत्रिणी असलेली साधी शाळा निवडण्यात काहीही कमीपणा नाही. पाचवीच्या शेवटीही काय मिळेल, याची कल्पना आधीच वास्तव ठेवा. समज उत्तम असेल, वाचन चांगले असेल, बोलणे सहज पण चुकांसहित असेल, आणि मधल्या सुट्टीत सगळी मुले इंग्रजीच बोलत असतील. वर्गात निम्मी मुले स्पॅनिशभाषक घरांतील असतील, तर त्यांच्यापैकी एखादीशी मैत्री जमवून देण्यासाठी तुम्ही जो शनिवार खर्च कराल तो कोणत्याही शिकवणीपेक्षा अधिक फळ देईल. त्या आईवडिलांनाही आपली भाषा मुलांकडे टिकेल का, हीच काळजी असते, त्यामुळे बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये पालक-शिक्षक भेट असेल. तिथे जाताना मुलगी घरी मराठीत काय काय सांगते, कोणते स्पॅनिश शब्द मध्येच वापरते, कोणते गाणे गुणगुणते, हे कागदावर लिहून न्या, कारण शिक्षिकेला तिची ही बाजू दिसत नाही. बदल्यात तिला तीन गोष्टी विचारा: मुलगी कोणासोबत खेळते, कोणत्या वेळी सर्वांत सैल होते, आणि पुढच्या महिन्यात वर्गात कोणता विषय घेणार आहेत. तो विषय पाणी असो की झाडे, आठवडाभर आधी घरी मराठीतून त्यावर भरपूर बोलून ठेवा, म्हणजे वर्गात तिला फक्त शब्द नवे असतील.